मागावर सोडलेलं सूत

मे महिन्यात आमच्या दुकानात गिऱ्हाईक भरदुपारी येतं. नागपुरात या दिवसांत दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही, पण सदरमधलं आमचं दुकान एसीचं आहे, आणि पडद्याचं कापड बघायला बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. नवरा-बायको सोफ्यावर टेकतात, दोन-दोन ग्लास पाणी पितात, "मॅडम, इसमें थोडा डार्क दिखाओ ना" म्हणतात आणि ऊन उतरलं की "सोचके बताते" म्हणून निघून जातात. मला राग येत नाही. ऊन चुकवायला माणसाने कुठेतरी बसायला पाहिजेच. मी नमुन्यांची पुस्तकं पुन्हा रांगेत लावते. माझ्या कार्डावर 'डिझाइन कन्सल्टंट' असं छापलेलं आहे, आणि ते खोटं नाही. मी टेक्स्टाइल डिझाइनची पदवीधर आहे, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कुणी विचारलं तर हे मी सांगते. न विचारताही सांगते.

याच दिवसांत दरवर्षी फोनवर एक मेल येतो. हॉलंडमधल्या त्या शाळेचा. उन्हाळी डिझाइन शिबिर पुन्हा भरत आहे, जगभरातले विद्यार्थी येत आहेत, तुम्हीही आमच्यापैकीच आहात, ओळखीच्यांना जरूर कळवा. सोबत फोटो असतो. हिरवंगार गवत, त्यावर पाय पसरून बसलेली मुलं, मागे जुन्या गिरणीचं लाल विटांचं धुराडं. मी तो मेल वाचते आणि राहू देते. पुसून टाकत नाही. काचेबाहेर डांबर मऊ झालेलं असतं, ऑटोवाले हँडलला ओला दुपट्टा गुंडाळून बसलेले असतात, आणि मला थंडी वाजते. ती एसीची नसते.

त्या उन्हाळ्यात मला अशीच थंडी वाजत होती.

कॉलेजचं शेवटचं वर्ष संपत होतं तेव्हा निवड झाल्याचं कळलं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी सहा आठवड्यांचं शिबिर, जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा भार शाळेचा. त्या माहितीपत्रकात तळाला एक ओळ होती. शिबिर संपताना एका विद्यार्थ्याला त्याच शाळेत दोन वर्षांच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवून घेतलं जाईल, फी न घेता. एकालाच. बाकीचं माहितीपत्रक मी एकदा वाचलं असेल, ती ओळ रोज वाचत होते. सहा आठवड्यांच्या मौजेसाठी मी गेले नव्हते. मी त्या एका जागेसाठी गेले होते, आणि हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घर म्हणजे खाप्याचं. कन्हान नदीच्या काठचं आमचं गाव एकेकाळी हातमागांच्या आवाजाने उठायचं. आमच्या मोहल्ल्यात शाळेत जाताना दर दारातून खटक-खटक ऐकू यायचं, आणि आवाजावरून मी सांगू शकायची की आज कोणाकडे कोण बसलं आहे मागावर. बाबांचा माग मी बारावीत असताना मोडला. मोडला म्हणजे मोडकळीला आला नाही, खोलून लाकडं वेगळी केली. माग बसवायचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर टाइल्स लावल्या. आता तिथे फ्रिज आहे. बाबा तेव्हापासून गावातल्या एका शाळेत चौकीदार आहेत. ते कधी त्याबद्दल हळहळले नाहीत. "त्याच्यात काही रायलं नोयतं," एवढंच म्हणाले होते. तेव्हा जी मंडळी आमच्या घराकडे बघून 'परंपरा परंपरा' करतात, त्यांनी जरा त्या फ्रिजकडेही बघावं. थंड पाणी आम्हालाही लागतं.

माझी निवड झाल्यावर मात्र बाबांना कंठ फुटला. पानठेल्यावर त्यांना कुणीतरी टोकलं, "काहून गा, पोरगी कापड विनाले शिकाले चालली म्हनते फॉरेनले? घरी नाई शिकवलं का तुवं?"

"शिकाले नाई जाऊन राह्यली," बाबा म्हणाले. "शिकवाले जाऊन राह्यली."

हे गावभर झालं. मी घरी त्यांना म्हटलं, "बाबा, लोकायले काय सांगून राहिले तुम्ही? मी शिकायलेच चालली ना."

"तुले काय समजते? तिकडच्या लोकायले काय येते कापडातलं? बाराही मयने सूट घालतेत."

आईची काळजी वेगळी होती. निघताना तिने माझ्या पर्समध्ये कांदा घातला. लू लागू नये म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडणाऱ्याच्या खिशात कांदा असतो. "आई, तिकडं स्वेटर घालतेत आता," मी म्हटलं. "हाव, पर विमानापर्यंत तं ऊनच हाय ना वं," ती म्हणाली, आणि पर्सची चेन लावली. तो कांदा विमानतळावर कुणी पकडला नाही. हॉलंडपर्यंत आला, आमच्या खोलीच्या खिडकीत राहिला, आणि तिथल्या त्या ओल्या गारव्यात त्याला हिरवीगार पात फुटली.

तिथल्या उन्हाला ऊन म्हणायची माझी तयारी नव्हती. हळद फार पातळ कालवल्यासारखं ते विटांवर सांडलेलं असायचं, आणि लोक त्याच्यामागे धावायचे. सूर्य निघाला की दुकानातल्या बायका खुर्च्या घेऊन रस्त्यावर, म्हातारे बाकावर, कालव्याच्या काठी उघडी माणसं. शाळेकडे जाताना रस्त्याच्या एका बाजूला ऊन असायचं, दुसऱ्या बाजूला सावली, आणि सगळं गाव उन्हाच्या बाजूने चालायचं. मी सावलीच्या बाजूने. एकटी. काही दिवसांनी माझं मलाच हे लक्षात आलं. दात वाजत होते, हात काखेत घातले होते, समोर पलीकडे ऊन पडलेलं दिसत होतं, पण पाय आपोआप सावली शोधत होते. जन्मभर लागलेली सवय. मग मी ठरवून रस्ता ओलांडायची, आणि विचारात पडले की पुन्हा सावलीत आलेली असायची.

ती गिरणी जुनी, कापडाचीच. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी ती पाडली नाही, डिझाइनची शाळा केली. आमच्या नागपुरातली गिरणी बंद पडली आणि तिथे मॉल झाला. आम्ही कॉलेजची मुलं त्याच मॉलमध्ये पिक्चर बघायचो. त्या लाल विटांच्या उंच दालनात पहिल्या दिवशी उभी राहिले तेव्हा मला खूप आशा वाटली होती, हे खरं आहे. छताच्या काचांमधून उजेड खाली येत होता, लाकडी मागांना नुकतंच तेल पाजलेलं होतं, आणि तेलाचा, सुताचा, जुन्या लाकडाचा वास अगदी आमच्या मोहल्ल्यातला. मला वाटलं, हे तर आपलंच. इथे आपण कसे हरू?

ओळखीचा कार्यक्रम झाला. गोल करून बसवलं आणि प्रत्येकाने आपल्याबद्दल सांगायचं. मी सांगितलं, नागपूरची, टेक्स्टाइल डिझाइन, घरातली पहिली ग्रॅज्युएट. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या बोचल्या. मी परीक्षा पास झाले होते, विहिरीतून वर आले नव्हते. शिबिराच्या मुख्य बाई, पांढरे केस अगदी बारीक कापलेल्या, फार प्रेमळ, त्या म्हणाल्या, "आणि तुझे वडील विणकर आहेत ना? त्याबद्दल सांग की."

"होते," मी म्हटलं. "आता नाहीत." आणि बसले.

त्यानंतरही त्या विचारत राहिल्या. विणताना घरात गाणी म्हणायचे का? आजी काय शिकवायची? तुझ्या आठवणीतला रंग कोणता? मला कळत होतं त्यांना काय पाहिजे ते. मी ते दिलं नाही. बाबांचा मोडलेला माग दाखवून जागा मागायला मी इतक्या लांब आले नव्हते. चार वर्षं खाप्याहून बसने नागपूरला ये-जा केली, उभ्याने, ड्रॉइंगची नळी डोक्यावर धरून. जे शिकले त्याच्यावर मला बघा. आज कुणी विचारलं तरी मी असंच वागेन.

मी काय विणलं तेही सांगते. सदरमध्ये जुने बंगले आहेत, त्यांच्या खिडक्यांना लाकडी झडपा असतात, तिरप्या पट्ट्यांच्या. दुपारी त्या झडपांतून जमिनीवर उन्हाच्या रेघा पडतात, आणि ऊन सरकतं तशा रेघा आधी रुंद, मग बारीक, मग केसाएवढ्या होतात. ते मी काळ्या-पांढऱ्या सुतात उतरवलं. एका टोकाला भरदुपार, दुसऱ्या टोकाला संध्याकाळ. रेघ कुठे मोडली नाही, काठ कुठे ओढला नाही. शेजारच्या मागावर बसणारी माझी खोलीतली मैत्रीण एलिफ, तुर्कस्तानची, तिचं सूत दहा वेळा तुटायचं, मी उठून जोडून द्यायची. ती माझं कापड बघायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची. "तू मशीन आहेस," म्हणायची. मला ते कौतुक वाटायचं.

मुख्य बाई एक दिवस बराच वेळ माझ्या कापडापुढे उभ्या राहिल्या. बोटांनी पोत पाहिला. म्हणाल्या, "फार सुंदर आहे. पण यात तू कुठे आहेस?"

"मी इथेच होते," मी म्हटलं. "विणत."

एलिफ फस्सकन हसली. बाईही हसल्या, पण हसताना त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

आता त्या सुताचं. विणकराच्या घरात कापड पुरं झालं तरी माग रिता करत नाहीत. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, शेवटचं हातभर सूत मागाच्या फणीतून ओवलेलंच ठेवायचं, गाठी मारून. नवा ताणा आला की त्याचं एकेक टोक या जुन्या टोकाला सांधायचं, बोटांना राख लावून, चिमटीत पिळून. आई आणि मी समोरासमोर बसून हे करायचो. बोटं चालायची आणि तोंडही. सांधणी झाली की जुनं सूत नव्याला ओढून आत नेतं, पुन्हा सगळं ओवत बसावं लागत नाही. सोय आहे ही. पण सोयीपेक्षा जास्तही आहे. अगदी रिता माग म्हणजे त्या घरात कुणी गेलं, किंवा माग विकला. मागावर सूत सोडून उठणं म्हणजे पुढच्याला सांगणं, ये, बस, तुझी वाट मोकळी आहे.

माझं कापड झालं. तो माग माझ्यानंतर दुसऱ्या मुलाला मिळणार होता. मी कापड उतरवलं, हातभर सूत ठेवलं, जुड्या करून नीट गाठी मारल्या, सारख्या अंतरावर, खालचा केर झाडला आणि खोलीवर गेले. एवढं मन लावून मी ते केलं होतं की आईने पाहिलं असतं तर ती खूश झाली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मागाभोवती उभे. कार्यशाळा सांभाळणारे हान्स, उंच, कानामागे पेन्सिल खोचलेले, कंबरेवर हात ठेवून माझी वाट बघत होते. भिंतीवर पाटी होती, ती त्यांनी मला बोटाने दाखवली. माग रिकामा करून द्यावा.

"मी झाडून गेले होते," मी म्हटलं.

"झाडलंस. पण हे? पुढच्याने तुझं आवरायचं का?" ते चिडलेले नव्हते, हेच वाईट होतं. लहान मुलाला ताट उचलायला शिकवावं तसं ते बोलत होते. "आपलं आपण आवरतो इथे. सगळ्यांची जागा आहे ना ही?"

मला इंग्रजी येतं. पण सांधणीला काय म्हणायचं, राखेला काय, रित्या मागाला काय, हे त्या क्षणी एवढ्या लोकांसमोर सुचेना. मी म्हटलं, "हे पुढच्यासाठीच ठेवलंय." तो पुढचा मुलगा म्हणाला, "पण मला लोकरीचा ताणा लावायचाय, मला याचं काय?" बरोबरच होतं त्याचं. हान्सनी कात्री आणली आणि सगळ्या जुड्या कापल्या. मागावरचं सूत कापताना एक दबका, ओला आवाज येतो. मी तो पहिल्यांदा ऐकला. बाबांनी माग मोडला त्या दिवशी मी कॉलेजच्या चौकशीला नागपूरला गेले होते.

एलिफने ते सूत कचऱ्याच्या डब्यातून उचललं. संध्याकाळी आमच्या लहानशा स्वयंपाकघरात मी भात टाकला होता आणि ती माझ्या कांद्याची पात चिरत होती. मी रडत नव्हते. मी भांडी जोरात ठेवत होते. "सांग तरी काय होतं ते," ती म्हणाली, आणि मी तिला सगळं सांगितलं. मुख्य बाईंना जे सांगितलं नव्हतं ते सगळं. खड्डा, राख, आई, रिता माग, फ्रिज. मैत्रिणीला सांगतात तसं, फोडणी देता देता. ती चिरायची थांबली होती.

"हे सूत मी घेऊ?" तिने विचारलं.

"घे ना," मी म्हटलं. आमच्याकडे सुताला कुणी नाही म्हणत नाही.

शेवटच्या दिवशी प्रदर्शन लागलं. माझं कापड पांढऱ्या भिंतीवर, संध्याकाळचं टोक खाली. लोक थांबायचे, "वा" म्हणायचे, पुढे जायचे. पुढे, दालनाच्या टोकाला, एलिफने त्या जुड्या छतापासून टांगल्या होत्या. बस, तेवढंच. माझ्या मारलेल्या गाठींसकट. दार उघडलं की वाऱ्याने सगळ्या एकदम हलायच्या आणि खालची कापलेली टोकं कशाला तरी शोधत असल्यासारखी फिरायची. आणि ती बोलली. म्हणाली, माझ्या मैत्रिणीच्या घरी, भारतात, माग कधी रिकामा ठेवत नाहीत. तिने माझं नाव घेतलं, मला हात करून सगळ्यांना दाखवलं. तिने एक शब्द चोरला नाही. मुख्य बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हान्स मागे भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. सगळे माझ्याकडे वळून हसत होते, मीही हसले. दुसरं काय करतात अशा वेळी?

जागा एलिफला मिळाली.

खूप वर्षं मी याचा हिशोब मांडत बसले नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. दुकानात कॅटलॉगची पानं उलटताना मांडते. एलिफची चूक नाही. हान्सची नाही. माझी तर नाहीच. मी मागितलं असतं, बाबांचं नाव पुढे करून, तर कदाचित मिळालं असतं. पण मग ते बाबांना मिळालं असतं, मला नाही. मी जे शिकले त्याची तिथे कुणाला गरज नव्हती, आणि ज्याची गरज होती ते मी शिकायला निघाले तेव्हाच माझ्या घरातून संपलं होतं. यात कुणाला दोष द्यायचा ते कळलं असतं तर बरं वाटलं असतं. एलिफ आता त्याच शाळेत शिकवते. सणाला मेसेज करते, माझ्या आईची चौकशी करते. मी उत्तर देते. आईला तिचा फोटो दाखवते. आई म्हणते, "पोट्टी गोड हाय वं."

परत आले तेव्हा विमानतळावर बाबा आणि आई, शेजारच्यांची गाडी सांगून आले होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सामान डिकीत टाकून आम्ही सावनेर रोडला लागेपर्यंत त्यांनी दम धरला.

"मंग? कवा बोलावलं?"

"नाई बोलावलं, बाबा. दुसरीले ठेवलं."

बाहेर उभी पिकं, दमट हवा, ट्रकांच्या रांगा. सहा आठवडे मी ज्या उबेसाठी तळमळत होते ती खिडकीतून तोंडावर येत होती, आणि मला नको होती. बाबा म्हणाले, "पुढच्या साली बोलावतीन."

"एकदा गेलेल्याले परत घेत नाई तिथं."

"बोलावतीन," ते म्हणाले, आणि समोर बघू लागले.

तिथून ते सुरू झालं. मोहल्ल्यातल्या बायका मला विचारायच्या, "कवा जातं वं आता परत?" मी तोंड उघडायच्या आत बाबा ओट्यावरून सांगायचे, "पुढच्या साली." एक साल गेलं, दुसरं गेलं. मी नागपुरात खोली केली, दोन-तीन ठिकाणी डिझाइनच्या कामाला विचारून पाहिलं. एके ठिकाणी साहेब म्हणाले, सब कम्प्युटरपे रेडी मिलता है मॅडम, हमको सिर्फ कलर चेंज करना होता है. मी कलर चेंज केले काही महिने. मग हे दुकान. रविवारी घरी गेले की मी बाबांशी भांडायची. "काहून खोटं सांगता लोकायले?" ते म्हणायचे, "तुले काय तरास होते? मी सांगून राह्यलो ना?" आई मधे पडायची, "सांगू दे वं त्यायले." दरवर्षी नवतप्याच्या, मेअखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांच्या आसपास हे भांडण व्हायचं, जसं कूलरमध्ये दरवर्षी नवा वाळा भरायचा. भांडण झालं की मला हलकं वाटायचं. घरात एक माणूस तरी आहे ज्याचा अजून विश्वास आहे, आणि त्याला खोडून काढायचं काम माझं, असं काहीतरी ते होतं. लोक आशेबद्दल फार चांगलं बोलतात. माझ्याकडे ती नव्हती. बाबांकडे होती, आणि मी तिच्याशी भांडून दिवस काढत होते.

गेल्या रविवारी घरी गेले तर गजाननकाका आलेले. बाबांचे चुलतभाऊ, कामठीला पावरलूमवर असतात. सोबत त्यांची मुलगी साक्षी, नुकतीच बारावी झालेली. तिच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि ती दोन्ही हातांनी तिने सपाट धरली होती.

"भाऊ, हे म्हनते मले ताईसारखं डिझाइनले जायचं हाय," काका म्हणाले. "म्हनून आनली तुमच्याकडं. तुम्हाले माहीत हाय त्याच्यातलं. सांगा आता."

असा विषय निघाला की बाबा खुर्ची पुढे ओढून घेत. विमानतळापासून सुरुवात करत, 'शिकाले नाई, शिकवाले'पर्यंत येत. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले, कारण ते सगळं पुन्हा ऐकायचं म्हणजे माझी चिडचिड होते.

"बी.एड.ले टाक," बाबा म्हणाले. "नाईतर नर्सिंगले."

मी आतच थांबले. बाहेर काका म्हणाले, "पर अश्विनी तं फॉरेन जाऊन आली ना?"

"हाव. आली जाऊन."

"मंग आता परत कवा जाते?"

"नाई जात आता."

साध्या आवाजात. इथे बस थांबते का म्हणून कुणी विचारावं, आणि सांगावं, नाही थांबत. मी ग्लास घेऊन बाहेर आले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. साक्षीने तेवढ्यात पिशवीतून चित्रं काढून फरशीवर पसरली होती, कुणी बघायला सांगितलं नसताना. गच्चीवर शेवया वाळत घालणाऱ्या बायका. ऑटोत दाटीने बसलेली माणसं, चेहरे नाहीत, नुसते गुडघे आणि पिशव्या. आणि एकात काकांची पाठ, पावरलूमपुढे. मान थोडी कललेली, एका कानाने कमी ऐकणाऱ्या माणसाची. आवाज काढला होता तिने चित्रात. मी दिवसभर चांगलं-वाईट बघायचंच काम करते. ही चित्रं चांगली होती. नुसती चांगली नाही, माझ्यापेक्षा चांगली.

"ताई," साक्षी म्हणाली, "तू तरी सांग ना यायले."

खोलीत पंखा फिरत होता. एका चित्राचा कोपरा वर उचलला जात होता, तो मी बोटाने दाबून धरला. सांगण्यासारखं खूप होतं. तिला पहिल्या दिवशीच्या त्या काचेच्या छताखालचा उजेड सांगता आला असता. तेलाचा वास सांगता आला असता.

"बाबा बराबर सांगून राहिले, साक्षी," मी म्हटलं.

तेव्हा बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला एकदम कळलं की ते माझ्या भांडणाची वाट बघत होते. इतकी वर्षं ते काही म्हणाले की मी उलट म्हणत आले, तशी आजही म्हणेन, पोरीसमोर त्यांना खोटं पाडेन, असं त्यांनी धरून चाललं होतं. म्हणूनच 'नाई जात आता' असं बोलू शकले असतील ते. मी काही बोलत नाही असं पाहून त्यांनी डोळे काढून घेतले आणि गजाननकाकांकडे वळले.

"नर्सिंगचे फारम कवा सुटते गा?" त्यांनी विचारलं.